शिवारफेरी : सड्यापासून पऱ्यापर्यंत आणि परत



आपल्या जमिनीचा सातबारा आपल्याला तोंडपाठ असतो. कोणते खाचर किती गुंठ्यांचे, कोणत्या कलमाला गेल्या वर्षी किती आंबा लागला, हेही आपण न अडखळता सांगतो. परंतु आपल्या बागेतील पाटाला येणारे पाणी नेमके कोठे उगम पावते, आपल्या खाचरात साचणारी माती कोणाच्या वरकसातून सुटते आणि आपण तोडलेल्या झाडाचा परिणाम खालच्या वाडीत कोणाला भोगावा लागतो, असे विचारले तर बहुतेकांना थांबून विचार करावा लागतो. याचे कारण साधे आहे. आपण आपल्या बांधापर्यंत जातो आणि तेथूनच परत फिरतो.

प्रस्तुत लेखकाकडूनही अशी चूक घडली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी कोकणातील एका वाडीत बागेचा विस्तार करण्याविषयी सल्ला देण्यासाठी मी गेलो होतो. डिसेंबर महिना होता. पाट खळखळून वाहत होता. पाणी भरपूर आहे असे समजून मी आणखी दहा गुंठ्यांत सुपारीची रोपे लावण्यास सांगितले. मे महिन्यात पाट आटला आणि निम्मी रोपे वाळली. पुन्हा गेलो तेव्हा घरातील आजोबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही पाणी पाह्यलंत, पण पाण्याचं माहेर पाह्यलं नाहीत." वर जाऊन पाहिले तेव्हा कळले. झऱ्याच्या वरचे रान दोन वर्षांपूर्वीच ठेकेदाराला विकले गेले होते आणि डोंगर उघडा पडला होता. ही गोष्ट मला डिसेंबरातही दिसली असती. त्यासाठी फक्त अर्धा तास चढायला हवे होते.

तेव्हापासून बांधावर सल्ला देण्यापूर्वी पूर्ण शिवार चालून पाहायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. या लेखात ती फेरी कशी करावी, कोठे थांबावे, काय पाहावे आणि काय मोजावे हे क्रमाने दिले आहे.

शिवारफेरी म्हणजे काय?

गावाच्या सर्वांत उंच भागापासून सर्वांत खोल भागापर्यंत आणि तेथून दुसऱ्या वाटेने परत वर, अशी गोल फेरी म्हणजे शिवारफेरी. जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी असावी. एकाच वाटेने गेल्यास शिवाराची एकच बाजू दिसते.

उदाहरणादाखल दापोली परिसर घेऊ. रत्नागिरी जिल्ह्यातील हे लहानसे तालुक्याचे गाव समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास उंचीवर, जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. येथे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. दापोलीहून हर्णैच्या रस्त्याने सहा-सात किलोमीटरवर आसूद गाव लागते. रस्ता पठार सोडून खाली उतरतो आणि थोड्याशा अंतरात सडा, वरकस, खाचरे, नारळी-पोफळीच्या बागा, पऱ्या आणि केशवराज मंदिराभोवतीची गर्द झाडी असे सर्व प्रकार पाहावयास मिळतात. कोकणातील बहुतेक गावांची रचना थोड्याफार फरकाने अशीच असते. म्हणून येथे शिकलेला धडा आपापल्या गावी उपयोगी पडतो.

केव्हा आणि कोणी जावे?

फेरी वर्षातून दोन वेळा करावी. पहिली पाऊस उघडल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये, आणि दुसरी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. पहिल्या फेरीत पाणी कोठून वाहते ते दिसते. दुसऱ्या फेरीत पाणी कोठे टिकते ते दिसते. यापैकी एकच फेरी केली तर माझ्यासारखी फसगत होते.

आठ-दहा जणांचा गट पुरे. त्यात वरच्या वाडीचा एक, खालच्या वाडीचा एक, गुरे राखणारा एक, पाणी भरणाऱ्या दोन भगिनी आणि एक तरी वयस्कर माणूस असावा. उन्हाळ्यात कोणत्या विहिरीला किती वाजता पाणी चढते हे भगिनींना ठाऊक असते, आणि पूर्वी ओढा किती महिने वाहत होता हे वयस्कर माणसाला. मुंबईहून सुटीत आलेल्या मुलांना आवर्जून बरोबर घ्यावे. जमीन उद्या त्यांच्याच नावावर होणार आहे.

बरोबर घ्यावयाचे साहित्य

१) दोन मीटर लांबीची सरळ काठी व मोजपट्टी
२) पंधरा लिटरची बादली
३) सेकंद काटा असलेले घड्याळ
४) दोन्ही बाजूंनी कापलेला पत्र्याचा डबा
५) एक लिटरचे माप व पाणी
६) कोयता, वही, पेन्सिल आणि गावचा नकाशा

पायात बूट असावेत. पावसाळ्यानंतर गवत वाढलेले असल्याने फुरसे व अन्य सापांपासून जपावे. गवतात पाय टाकण्यापूर्वी काठी आपटावी.

पहिला थांबा : सडा

सुरुवात माथ्यावरून करावी. सड्यावर माती जेमतेम वीतभर, काही ठिकाणी तीही नाही. चार महिने येथे पाणी साचते, गवत आणि रानफुले येतात आणि दिवाळीनंतर सर्व वाळते. "सडा म्हणजे पडीक" असे आपण म्हणतो. परंतु गावात पडणाऱ्या पावसाचा मोठा वाटा सर्वप्रथम येथेच उतरतो.

दापोली परिसरात वर्षाला साधारण ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. म्हणजे एका गुंठ्यावर वर्षाला साडेतीन लाख लिटर पाणी पडते! तरीही मार्च महिन्यात आपल्या भगिनी हंडा घेऊन लांब चालतात. पाऊस कमी पडत नाही. पडलेला पाऊस थांबत नाही, हे आपले दुखणे आहे.

सड्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. पाणी कोणत्या बाजूने कडेला जाते, तेथे ते पसरून जाते की एकाच घळीतून धावते, आणि कडेवर झाडी आहे की नाही. कडेची झाडी ही वाहत्या पाण्याला पहिला अडसर असते. सड्यावर कातळ फोडून, बाहेरची माती भरून कलमे लावावयाची असल्यास कडेचा झाडीचा पट्टा तोडू नये. त्याचा दुसरा उपयोग वाऱ्याला अडविण्यासाठी होतो. ३ जून २०२० रोजीच्या 'निसर्ग' चक्रीवादळात दापोली व मंडणगड तालुक्यांतील असंख्य आंबे, माड आणि पोफळी पडल्या. झाडीचा पट्टा एवढे मोठे वादळ थोपवू शकत नाही हे खरे, परंतु दरवर्षीचा वारा आणि मोहोराच्या काळातील झोत तो निश्चित कमी करतो.

सड्यावरचे वाळलेले गवत म्हणजे वणव्याचे घर. डिसेंबर संपण्यापूर्वी बागेभोवती तीन मीटर रुंदीची जाळरेषा साफ करावी. वणवा कोणी लावला याची चौकशी नंतर होते. कलमे मात्र एका रात्रीत जातात.

दुसरा थांबा : उतारावरील रान आणि वरकस

सड्यावरून खाली उतरताना ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा, खैर अशी झाडे लागतात. काही ठिकाणी रान तोडून आंबा-काजूची लागवड झालेली दिसते. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि कोकणात काजू-आंब्याचे क्षेत्र झपाट्याने वाढले. त्यामुळे अनेक घरांना आधार मिळाला. परंतु लागवड करताना उतार पाहिला गेला नाही, तेथे माती वाहून गेली.

उतार मोजण्याची सोपी रीत अशी. दोन मीटरची काठी एका टोकाने जमिनीला टेकवून आडवी, पाण्याच्या पातळीत धरावी. दुसऱ्या टोकापासून खाली जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ते ४० सेंटिमीटर भरले तर उतार २० टक्के, ६० भरले तर ३० टक्के. उतार तीव्र असेल तेथे रान सरसकट साफ करू नये. फक्त कलमापुरती जागा मोकळी करावी आणि मधले झुडूप कोयत्याने छाटून कलमाच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावे.

मध्यम उतारावर समपातळी चर घ्यावेत. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चराच्या प्रत्येक मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. तीन मीटरच्या चरात ५४० लिटर. पावसाळ्यात तो अनेकदा भरतो आणि मुरतो.

येथेच डब्याची परीक्षा करावी. डबा जमिनीत पाच सेंटिमीटर रोवून त्यात एक लिटर पाणी ओतावे आणि ते मुरण्यास लागणारा वेळ वहीत लिहावा. हीच परीक्षा पुढे देवराईत आणि गुरांच्या वाटेवरही करावी. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की झाडीचे महत्त्व पटविण्यासाठी वेगळ्या भाषणाची गरज राहत नाही.

धोक्याच्या खुणा : २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगर घरांवर कोसळला आणि ८० हून अधिक माणसे गेली. म्हणून उतारावर चालताना जमिनीला पडलेल्या लांब भेगा, अचानक कललेली झाडे किंवा खांब, आणि नव्याने फुटलेले गढूळ झरे यांची नोंद करावी. अशा ठिकाणी चर खणून पाणी मुरवू नये. ग्रामपंचायतीला व तलाठ्यांना लेखी कळवावे. खाली घरे असतील तर अतिवृष्टीत तेथील माणसांनी वेळीच हलावे.

तिसरा थांबा : भाताची खाचरे

उतार संपला की खाचरांच्या पायऱ्या लागतात. पूर्वजांनी दगडावर दगड रचून केलेले हे बांध म्हणजे मृदसंधारणाचे उत्तम काम होय. आज मात्र अनेक खाचरे ओस पडली आहेत. घरातील माणसे मुंबईला, सातबाऱ्यावर वीस नावे, आणि कसणारा एकही नाही. ओस खाचरात झुडूप माजते, रानडुकरांना आसरा मिळतो आणि शेजारच्या उभ्या भाताची नासाडी होते.

याहून मोठे नुकसान बांधाचे. वरच्या खाचराचा बांध एका ठिकाणी फुटला की पाणी तेथूनच धावते, दुसऱ्या वर्षी खालचा बांध नेते आणि तिसऱ्या वर्षी त्याखालचा. वरचा मालक गावात नसतो आणि खालच्याने दुरुस्ती केली तर ती दुसऱ्याच्या जमिनीत होते. हा प्रश्न तंत्राचा नाही, समजुतीचा आहे. फेरीत असे फुटके बांध मोजावेत, मालकांची नावे लिहावीत आणि गणपतीला किंवा शिमग्याला मंडळी गावी येतील तेव्हा एकत्र बसून दुरुस्तीची लेखी संमती घ्यावी. एका दिवसाच्या दगडकामाने अनेक वर्षांची माती वाचते.

भाताच्या राबासाठी ऐन-किंजळाची कवळतोड होते. दरवर्षी तोडलेले झाड खुरटते, त्याला फळ धरत नाही. रोपवाटिका राब न भाजताही करता येते. एक मीटर रुंदीचे गादीवाफे करून शेणखत मिसळावे आणि बी ओळीत पेरावे. बांधावर गिरिपुष्प लावल्यास हिरवळीचा पाला शेतातच मिळतो. भाताच्या चारसूत्री पद्धतीत गिरिपुष्पाचा पाला हे एक सूत्रच आहे. गिरिपुष्पाची फांदी पावसाच्या सुरुवातीस लावली की सहज जगते. त्यासाठी पैसा लागत नाही.

चौथा थांबा : बाग आणि पऱ्या

आसूदच्या बागेत शिरले की बाहेरचे ऊन विसरायला होते. वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, मध्ये केळ आणि जायफळ. एकाच जमिनीत तीन-चार मजली पीक उभे असते. नारळाच्या बागेत मिरी, जायफळ, दालचिनी घेण्याची जी 'लाखीबाग' पद्धत विद्यापीठाने शिफारस केली आहे, तिचे मूळ अशाच जुन्या बागांत आहे. बागांना पाणी पाटाने फिरते. पाट एकाचा नसतो, सर्वांचा असतो. म्हणून पाटाची साफसफाई आणि पाण्याची पाळी यांवर भाऊबंदकी टिकते किंवा तुटते.

येथे पाणी मोजावे. पाट जेथून सुरू होतो तेथे बादली लावावी आणि ती भरण्यास लागणारे सेकंद मोजावेत. समजा, नोव्हेंबरात १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला ३० लिटर आणि दिवसाला ४३,२०० लिटर. माडाला उन्हाळ्यात दररोज सुमारे ४० लिटर पाणी धरल्यास हे पाणी १,०८० माडांना पुरेल असे वाटते. निम्मे पाणी मातीच्या पाटात झिरपते असे धरले तरी ५४० माडांचा हिशेब बसतो. परंतु तीच बादली मे महिन्यात भरण्यास १२० सेकंद लागले, तर दिवसाचे पाणी १०,८०० लिटर आणि झाडे फक्त १३५. लागवड किती करावयाची हे मे महिन्याच्या आकड्यावरून ठरवावे, नोव्हेंबरच्या नव्हे. हा हिशेब मला वेळीच सुचला असता तर त्या आजोबांची रोपे वाळली नसती.

पऱ्याचे पाणी कमी होऊ लागताच, साधारण नोव्हेंबरात, बंधारे घालावेत. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा होतो. दगड रचून प्लॅस्टिकच्या कापडाचे अस्तर दिल्यास विद्यापीठाने शिफारस केलेला 'कोकण विजय बंधारा' तयार होतो. बंधारा काढता येण्याजोगा असावा. पावसाळ्यापूर्वी प्लॅस्टिक काढून ठेवावे, म्हणजे ते पुढच्या वर्षी वापरता येते आणि खाडीतही जात नाही.

पाचवा थांबा : देवराई

साकव ओलांडून पायऱ्या चढल्या की केशवराजाचे देऊळ लागते. भोवती उंच, जुनी झाडी आहे. डोंगरातील झऱ्याचे पाणी दगडी पन्हळीने आणून गोमुखातून सोडले आहे. भाविक तेथे हात-पाय धुऊन देवापुढे जातात. शेतकऱ्याने मात्र घटकाभर त्या गोमुखापाशी बसावे. वर कोणीही कुऱ्हाड चालविली नाही, म्हणून खाली पाणी आहे. झाडी, झरा आणि देऊळ ही तीन वेगळी ठिकाणे नसून एकच व्यवस्था आहे, हे येथे स्पष्ट दिसते.

देवराईत पुन्हा डब्याची परीक्षा करावी. पाचोळा बाजूला करून माती हातात घ्यावी, तिचा रंग आणि वास पाहावा. वर पाहिल्यास जुन्या झाडांच्या ढोल्या दिसतात. माडगरुडासारखे पक्षी अशाच ढोल्यांत घरटी करतात आणि खाल्लेल्या फळांच्या बिया रानभर टाकतात. सातेरी मधमाश्यांची पोळीही ढोल्यांत असतात. त्या माश्या माडाच्या पोयीवर येतात. तेव्हा पोकळ, "निरुपयोगी" झाड तोडून टाकण्यापूर्वी विचार करावा. देवराईतील पाचोळा, वाळकी लाकडे किंवा माती नेऊ नये. रोपवाटिकेसाठी खाली पडलेले थोडे बी घेण्यास मात्र हरकत नाही.

परतीची वाट आणि बैठक

परतताना वाट बदलावी आणि चढताना घरांची परसू, विहिरी व गुरांच्या वाटा पाहाव्यात. चढ हळूहळू चढावा, वयस्कर मंडळींना मध्ये विसावा द्यावा. माथ्यावर पोचल्यावर लगेच पांगू नये. सावलीला बसून नकाशावर चार खुणा कराव्यात. निळी खूण झरे व विहिरींना, तांबडी फुटके बांध व भेगांना, हिरवी राखावयाच्या झाडीला आणि काळी वणव्याच्या जागांना.

त्यानंतर फक्त तीन कामे निवडावीत. एक असे, जे पैशाशिवाय होईल. एक, ज्याला मालकांची संमती लागेल. आणि एक, ज्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून कृषी किंवा वन खात्याकडे जावे लागेल. दहा कामांची यादी केल्यास एकही होत नाही, असा अनुभव आहे. पुढच्या फेरीची सुरुवात मागच्या तीन कामांच्या तपासणीने करावी.

रान विकण्याचा प्रश्न मात्र तेथेच, उघडपणे बोलावा. कोकणातील पुष्कळशी झाडी खाजगी मालकीची आहे. मुलीचे लग्न, आजारपण, मुंबईतील खोलीचे हप्ते अशा अडचणींत माणूस ठेकेदाराला होकार देतो. त्याला दोष देऊन भागणार नाही. परंतु ठेकेदार देतो ती किंमत फक्त लाकडाची असते, त्या रानाखालच्या पाण्याची किंमत कोणीच लावत नाही. ज्यांच्या बागा त्या पाण्यावर उभ्या आहेत त्यांनी वरच्या मालकाला अडचणीत हात दिला, निदान झऱ्यावरचा पट्टा तरी राखून बाकीची झाडे नियमाप्रमाणे परवानगी घेऊन विरळ करण्यास त्याला राजी केले, तर दोघांचेही भले होते. हे बोलणे तोड सुरू होण्याआधी झाले पाहिजे. झाडे पडल्यावर भांडण तेवढे उरते.

सारांश

१) शिवारफेरी वर्षातून दोनदा, नोव्हेंबर आणि मे महिन्यांत करावी.
२) माथ्यापासून सुरुवात करावी, परतीची वाट बदलावी.
३) उतार, पाणी मुरण्याचा वेळ आणि झऱ्याचे पाणी मोजून वहीत लिहावे.
४) लागवडीचे क्षेत्र मे महिन्यातील पाण्यावरून ठरवावे.
५) फुटके बांध व झऱ्यावरची झाडी यांचा निर्णय मालकांसह, एकत्र बसून घ्यावा.
६) जमिनीतील भेगा व कललेली झाडे दिसल्यास ताबडतोब लेखी कळवावे.

या फेरीसाठी अनुदान लागत नाही, अर्ज लागत नाही. एक सकाळ आणि शेजाऱ्याला हाक मारण्याची तयारी लागते. येत्या नोव्हेंबरात पाऊस उघडला की चांगला दिवस पाहून निघा, आणि पहिली हाक वरच्या वाडीतल्या माणसाला मारा.